घरच्या सरावासाठी अ‍ॅम्प्लिफायर घेताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की मुलांना गिटार घेऊन देण्याची पद्धत आता आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत चांगलीच रुळली आहे. मी डोंबिवलीत घरीच गिटार शिकवतो. इलेक्ट्रिक गिटार घेण्यापूर्वी चार जणांना विचारणारे पालक तिच्यासोबतचा, तिचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर मात्र दुकानदार पुढे करील तो उचलून आणतात, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे. मुलाचा सराव टिकणार की सुटणार, हे बरेचसे या दुसऱ्या खरेदीवर ठरते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ‘पुढे कार्यक्रमालाही चालेल’ या दुकानदाराच्या शब्दावर ४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तो मुलगा आवाजाचे बटण दोन बोटांच्या टोकांनी केसभर पुढे, केसभर मागे फिरवत होता. शून्यापाशी काहीच ऐकू येत नसे आणि एकच्या खुणेपर्यंत पोहोचण्याआधीच खिडकीची काच थरथरू लागे. आई दाराशी उभी होती, कारण खालच्या मजल्यावरून दोनदा निरोप येऊन गेला होता. महिन्याभरात अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर गेला आणि मुलगा वायर न जोडता नुसतीच गिटार वाजवू लागला. इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवली की आवाज इतका क्षीण येतो की हात आपोआप तारेवर जोरात पडू लागतो. शिवाय ज्या तारा दाबून गप्प ठेवायच्या, त्या वाजत राहिल्या तरी कळत नाही. ही सवय मोडण्यात आमचे चार महिने गेले.

वॅटच्या आकड्याविषयी पालकांचा मोठा गैरसमज असतो. ४० वॅटचा आवाज १० वॅटच्या चौपट ऐकू येत नाही. शक्ती चौपट झाली तरी आवाज सुमारे ६ डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते. उलट, लहानशा स्पीकरला एकच वॅट दिला तरी हातभर अंतरावर सुमारे ९० डेसिबलपर्यंत आवाज जाऊ शकतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हे लक्षात घेतले तर दहा बाय बाराच्या खोलीत ३ ते १० वॅट पुरून उरतात, हे सहज पटेल.

म्हणून दुकानात स्वतःची गिटार घेऊन जावे आणि आपण बोलतो तेवढ्याच आवाजात ती दहा मिनिटे वाजवून पाहावी. दुकानदार बहुधा डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम, लावून, बटण बरेच पुढे नेऊन वाजवून दाखवतात. त्या गदारोळात कोणताही अ‍ॅम्प्लिफायर भारदस्तच वाटतो. खरी परीक्षा हळू आवाजात आणि साध्या, स्वच्छ सुरात होते. जाड तारेचा स्वर तिथेही भरीव लागतो का, बोट हलके पडले आणि जोरात पडले तर फरक कळतो का, एवढे ऐकावे. शंभर प्रकारचे आवाज देणारी यंत्रे नवशिक्याला बटणांतच गुंतवून ठेवतात, असे माझे स्पष्ट मत आहे. फेंडरचा फ्रंटमॅन १०जी, ब्लॅकस्टारचा ३ वॅटचा फ्लाय किंवा बॉसचा ७ वॅटचा कटाना मिनी अशा छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर उत्तम सराव होतो. यांतले शेवटचे दोन पेन्सिल सेलवरही चालतात, त्यामुळे वीज गेली तरी खंड पडत नाही. हेडफोनची सोय असलीच पाहिजे, आणि हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये स्वर क्षणभर उशिरा पोहोचतो आणि ताल बिघडतो.

पैसे वाचवण्यासाठी काही जण गिटार घरातल्या म्युझिक सिस्टिमला जोडतात. तिचे इनपुट गिटारच्या पिकअपसाठी (तारांची कंपने टिपणाऱ्या भागासाठी) बनवलेले नसल्याने आवाज दबलेला, मेलेला येतो आणि मूल समजते की आपलाच हात वाईट आहे. त्यापेक्षा गिटारच्या जॅकमध्येच बसणारा, व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगसारखा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. साधी, लाकडी पेटीची अकूस्टिक गिटार शिकणाऱ्याला तर घरी यातले काहीच लागत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मला खरोखर काळजी वाटते. एका घरी अ‍ॅम्प्लिफायर सतत घूं करत होता आणि तारांना हात लावला की तो आवाज कमी व्हायचा. एवढ्याने दोष ठरत नाही, चांगल्या गिटारमध्येही असे थोडेफार होते. पण मागे वाकून पाहिले तर प्लगची जाड, अर्थिंगची पिन पक्कडीने मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात घातलेला होता. गिटारच्या तारा वायरमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला, तर वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत विजेचा झटका येऊ शकतो. जुना अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तात घेणाऱ्यांनी आधी प्लग पाहावा, आणि घरातल्या बोर्डाचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवर ठेवू नये, खुर्चीवर किंवा स्टुलावर, कानाच्या दिशेने तोंड करून ठेवावा. फरशीवर ठेवला की धमक खालच्या मजल्यावर जाते आणि स्वरातली धार आपल्या गुडघ्यांपाशीच राहते, मग ऐकू येत नाही म्हणून आवाज आणखी वाढवला जातो.

वाद्यविक्रेत्यांनाही एक विनंती आहे. दुकानाच्या एखाद्या शांत कोपऱ्यात एक खुर्ची आणि दोन-तीन छोटे अ‍ॅम्प्लिफायर हळू आवाजात ऐकण्यासाठी मांडून ठेवावेत, आणि नवशिक्या मुलाला तिथे घाई न करता बसू द्यावे.

आपला,
एक गिटारशिक्षक, डोंबिवली (पूर्व)