बाबांच्या ओठातला चट्टा आणि आईचा मशेरीचा डबा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय, आई तू वाचून दाखव त्यांना.

गणपतीत बाबा ओसरीवर दाढी करत होते, खालचा ओठ ओढून धरलेला, तेव्हा आतल्या बाजूला पांढरं काहीतरी दिसलं मला, बरोब्बर जिथे तंबाखूची चिमूट ठेवतात तिथेच. विचारलं तर म्हणाले दुखत नाय गं, चुन्याने सोललं असेल. गावातल्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं, त्यालाही आता तीन महिने झाले. परवा माझी दाढ दाखवायला गेले होते तेव्हा डेंटिस्ट मॅडमना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या न दुखणाऱ्याकडेच जास्त लक्ष द्या. असा चट्टा पुसून निघत नसेल आणि दुसरं काही कारण सापडत नसेल तर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. बाबा, हा कॅन्सर नव्हे, आणि बहुतेकांचा पुढे कॅन्सर होतही नाही, पण कुणाचा होईल ते नुसतं बघून कळत नाही म्हणून छोटासा तुकडा काढून तपासतात. चट्टा लाल असला किंवा पांढऱ्यात लाल मिसळलेलं असलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. आणि खालच्या ओठाची सारखी सालं निघतात ना तुमच्या, तेही दाखवायचंय, जन्मभर उन्हात राबलेल्यांच्या ओठालाही असलं होतं म्हणे.

आता आई, तुझं. मॅडमनी विचारलं घरात तंबाखू कोण कोण घेतं, मी फक्त बाबांचं सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, आई मशेरी लावते का? मी गप्पच झाले. दिवसातून किती वेळा, तर मला सांगताच येईना, सकाळी, भांडी झाल्यावर, दुपारी पडायच्या आधी, रात्री... आजी लावायची, काकू लावतात, आपल्याकडे ते दात घासणंच होतं, तव्यावर भाजतानाचा तो वास मला अजून आवडतो खरं सांगायचं तर. पण भाजून काळी केली म्हणून तंबाखूची राख होत नाही, तंबाखूच राहते. बाबांना तू एवढं बोलतेस आणि तुझा डबा कुणी मोजलाच नाही.

सुपारीचंही तेच. तंबाखू न घालता नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरला कारण होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय. तिने गाल आतून ताठ होत जातो, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. मी तिथेच खुर्चीत घालून बघितली, गेली, पण जेवणानंतरची गोड सुपारी त्याच दिवशी बंद केली. दादाला बघायला सांग, तो मावा खात नाही म्हणतो पण मला खरं वाटत नाही.

केरळात तिरुवनंतपुरमकडे १९९६ पासून काही वर्षं ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती उजेडात तपासली, तेवढ्याने तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. आपल्या उपकेंद्रातही तिशीपुढच्यांचं बीपी-शुगरबरोबर तोंड बघायचं असतं, आशाताईंना विचार.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय, सोमवारची रजा टाकलीय, दोघांचंही दाखवायचं, एकट्या बाबांचं नाही. बाबांनी कवळी काढून ठेवायची, तिच्याखालचंही बघतात. तोवर आरशासमोर उजेडात जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, गाल, हिरड्या बघून ठेवा, दोन आठवड्यांत न भरलेलं काहीही दिसलं तर लगेच फोन करा. तंबाखूच्या पुडीवर १८०० ११ २३५६ नंबर असतो, सोडायला मदत करतात, फुकट आहे, बाबा चष्मा लावून वाचा एकदा. आणि आई, शनिवारपर्यंत नवीन मशेरी भाजू नकोस.

तुमची,
ताई

ता. क. टॉर्चचे सेल गेलेत, दादाला आणायला सांगा.