परिषदेच्या पाहुण्यांना मंडईही दाखवा

महोदय,

पुण्यात वर्षभर आंतरराष्ट्रीय परिषदा भरत असतात. त्यासाठी येणारे परदेशी अभ्यासक विमानतळावरून हॉटेलात, हॉटेलातून सभागृहात आणि तेथून पुन्हा विमानतळावर जातात. फार तर धावत्या गाडीतून त्यांना शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दिसतो आणि रात्री कोणत्याही शहरात मिळेल असे पनीर बटर मसाला त्यांच्या पानात पडते. नुकतीच एका परिषदेसाठी लिस्बनला गेले होते. तेथील यजमानांनी अखेरचा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता, म्हणून हे पत्र.

सकाळी बेलेम भागातील जेरोनिमोस मठ पाहिला. तेथील चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला तिच्यासमोर उभे राहताना थोडी गंमतच वाटते. जवळच १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात, अंड्याच्या बलकाचे कस्टर्ड भरून खरपूस भाजलेल्या खुसखुशीत वाट्या दालचिनीची पूड भुरभुरून गरमागरम मिळतात. दुपारी खारवून सुकवलेला कॉड मासा, बटाट्याच्या बारीक सळ्या आणि अंडी एकत्र परतलेला पदार्थ खाल्ला; तो मला जरा खारटच लागला, पण शेजारच्या टेबलांवर स्थानिक मंडळीही तेच जेवत होती, याचे अप्रूप अधिक.

सर्वांत लक्षात राहिले ते कार्मो मठाचे चर्च. १७५५ च्या भूकंपात त्याची पडझड झाली, त्यानंतर मधल्या भागावर छप्पर चढलेच नाही आणि आज उघड्या आभाळाखालच्या कमानींमधून चालत पुरातत्त्व संग्रहालयात जाता येते. १८२८ च्या आगीनंतर तटबंदीच्या आत जोती आणि कारंजी तेवढी उरलेल्या आपल्या शनिवारवाड्यात मात्र जाणकार सोबत नसेल, तर पाहुण्याला हिरवळीपलीकडे फारसे काही उमगत नाही.

आता मंडईपर्यंत मेट्रो जाते. आयोजकांनी एक सकाळ राखून, एखादा अभ्यासू वाटाड्या बरोबर देऊन, १८८६ ची मंडईची इमारत, तुळशीबाग, विश्रामबागवाडा आणि शनिवारवाडा असा फेरफटका घडवावा. न्याहारीला मिसळ आणि दुपारी अळूची भाजी, मटकीची उसळ, पुरणपोळी असे साधे जेवण द्यावे. महापालिकेने निदान या टप्प्यातील पदपथ मोकळे ठेवावेत, कारण साठी उलटलेल्या पाहुण्याला दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत नेण्याचे धाडस कोणताही यजमान करणार नाही.

– एक प्राध्यापिका, कोथरूड, पुणे