गिलाव्याआधी एसीच्या नळ्या तपासून घ्याव्यात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी घरे सोडून बडोद्यातली अनेक मराठी कुटुंबे आता गोत्री, भायलीकडच्या नव्या घरांत राहायला जात आहेत, आणि या घरांत एसीच्या नळ्या भिंतीत दडवण्याची पद्धत सर्रास झाली आहे. भिंत नीटस दिसते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की, न्हाणीघरातल्या पाण्याच्या नळ्या फरशी बसवण्याआधी दाब देऊन तपासणारा ठेकेदार एसीची नळी मात्र न तपासताच गिलाव्याखाली गाडून टाकतो.

आमच्या नव्या घरात पहिल्याच पावसाळ्यात पलंगाच्या उशाशी, एसीच्या बरोबर खाली, बशीएवढा पिवळट डाग उमटला आणि रंगाला फुगे आले. दोन कारागिरांनी यंत्र उघडून धुतले, पैसे घेतले. डाग वाढतच गेला. शेवटी भिंत फोडली तेव्हा कळले की, निचऱ्याची नळी खिडकीची चौकट चुकवण्यासाठी मध्येच चार बोटे वर चढवली होती. चढाच्या अलीकडे पाणी तुंबत होते आणि यंत्राच्या तबकातून भिंतीवर उतरत होते. दमट हवेत दीड टनाचे यंत्र तासाला लिटरभर पाणी सहज बाहेर टाकते. त्याला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर सलग ढाळ हवा. गवंड्याकडे पाणसळ होती आणि नळात पाणीही होते. गिलाव्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहिले असते, तरी दोष त्याच दिवशी दिसला असता.

आतल्या आणि बाहेरच्या यंत्रांदरम्यान गारवा देणारा वायू खेळवणाऱ्या, एक जाड व एक बारीक अशा तांब्याच्या दोन नळ्यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. सध्याच्या बहुतेक यंत्रांत आर-३२ हा वायू असतो आणि त्याचा दाब जुन्या आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे पूर्वी खपून गेलेला कच्चा सांधा आता खपत नाही. भिंतीच्या आत सांधा असूच नये. वेटोळ्यातून एकसंध नळी काढून ती आतल्या यंत्रापासून बाहेरच्या यंत्रापर्यंत न्यावी. वायूचा दाब बहुधा बाहेरच्या यंत्रातच उतरवलेला असतो, म्हणून जाड नळीइतकीच बारीक नळीही गार पडते. दोन्हींवर वेगवेगळे रबरी आवरण हवे. पुष्कळ ठिकाणी दोन्ही नळ्या एकाच आवरणात कोंबलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि आवरणाच्या फटीतून भिंत आतल्या आत घामेजते.

यंत्र कोणते घ्यायचे हेही नळी टाकण्याआधीच ठरवावे लागते. दीड टनाला बहुधा पाव इंच आणि अर्धा इंच अशी जोडी लागते, एक टनाला जाड नळी तीन अष्टमांश इंचाची पुरते. घराचा ताबा मिळाल्यावर दुकानात जाऊन यंत्र निवडणाऱ्याला हे उमगते तेव्हा भिंत रंगवून झालेली असते. बाहेरच्या यंत्राची जागाही तेव्हाच नक्की व्हावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, ते पाहिल्यावर तळमजल्याच्या अंगणात जमिनीलगत ते बसवण्याचा हट्ट कोणी धरू नये. दुरुस्तीला येणाऱ्याला उभे राहता येईल अशीही ती जागा असावी, कारण दोरावर लोंबकळून काम करायला माणसे सहजी मिळत नाहीत आणि मिळू नयेत.

बांधकाम व्यावसायिकांना माझी विनंती अशी की, नळ्या टाकल्यावर त्यांत नायट्रोजन भरून, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दाबावर त्या चोवीस तास ठेवाव्यात आणि दाबमापकाचा काटा घरमालकाला दाखवावा. उघड्या खाचेशेजारी मोजपट्टी धरून काढलेली छायाचित्रे ताब्याच्या कागदांसोबत द्यावीत, म्हणजे पुढे पडद्याच्या दांडीसाठी भोक पाडणाऱ्याला नळी कुठे आहे हे कळेल. ग्राहकांनीही हे लेखी मागावे. तोंडी मागितलेले गिलाव्याच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

आमच्या वरच्या मजल्याचे काम सध्या चालू आहे. तेथे नळ्यांची टोके बंद करून नायट्रोजन आतच ठेवला आहे आणि दाबमापक गिलावा पूर्ण होईपर्यंत काढायचा नाही असे ठरवले आहे. कोणाचा खिळा चुकून नळीत गेला, तर काटा त्याच वेळी खाली येईल आणि भिंत ओली असतानाच दुरुस्ती करता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, बडोदे