पक्याला, विहिरींच्या वहीबद्दल

पुणे, रविवार

प्रिय पक्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे, नीट बोलणं झालं नाही. नंतर माझ्याकडून काहीच नाही. राग धरू नकोस. इकडे सगळे बरे, आईची साखर आटोक्यात. लिहायला बसलो ते विहिरींच्या वहीमुळे. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

नानांची नात भूजलावर काम करते. तिला पेठांमधल्या जुन्या वाड्यांतल्या विहिरींच्या जागा हव्यात, म्हणून आपण दोघांनी विहिरींच्या जागा नोंदवलेली वही मी माळ्यावरून काढली. पक्या, त्यातले किती वाडे आता उरलेच नाहीत रे. विहिरी बुजवल्या, वर पार्किंग झालं. त्या कुठे होत्या हे सांगायला आता फक्त तुझ्या अक्षरातले आकडे.

पोरीने एक नोंद घेतली, अक्षांश 18 30 45 आणि रेखांश 73 51 22. तिने ती 18.3045, 73.5122 अशी नकाशात टाकली. ठिपका गेला वेल्ह्याच्याही पलीकडे, लिंगाण्याच्या अंगाला! आम्ही दोघं खूप हसलो. मग मी पायथॉनमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली. मिनिटांना 60 ने भागायचं, सेकंदांना 3600 ने, आणि दोन्ही अंशांत मिळवायचं. उत्तर 18.5125, 73.8561. ठिपका मंडईजवळ आला. पोरगी खूश.

मला मात्र रात्री झोप येईना. आपली जीपीएस यंत्रं दोन होती. माझं अंश-मिनिट-सेकंद दाखवायचं, तुझं अंश आणि दशांश मिनिटं. तुझ्या यंत्रावरचं 30.45 (वहीत टिंबाशिवाय 30 45) म्हणजे 30 मिनिटं 27 सेकंद, 45 नव्हे. वही कायम तुझ्या हातात, पण आकडे कधी तुझ्या यंत्रावरचे, कधी मी बोळातून ओरडून सांगितलेले. तीच नोंद तुझ्या यंत्राची धरली तर विहीर सहाशे मीटर नैर्ऋत्येला सरकते, टिळक रस्त्याच्या दिशेला. लिंगाण्याकडे गेलेला ठिपका कुणाच्याही लक्षात येतो. हा येत नाही. दोन्हीकडे पेठाच, दोन्हीकडे वाडे होते, त्यामुळे जे सांगू ते खरं वाटणार.

भिकारदास मारुतीपाशी आपली जुंपली होती, आठवतं? मी म्हणत होतो, आकड्यांवर अंश-मिनिटांची चिन्हं घाल. तू म्हणालास, पावसात शाई फुटतेय, चिन्हं कसली मागतोस. आणि टिंबानंतरचा तिसरा आकडा तू सरळ सोडून द्यायचास. अरे, मिनिटाचा शंभरावा भाग म्हणजे साडेअठरा मीटर, तेवढ्यात अख्खा चौक बसतो वाड्याचा! यावर मी आजही मागे हटणार नाही.

आता स्क्रिप्ट प्रत्येक नोंदीची दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी छापते. शेवटचा आकडा 60 किंवा त्याहून मोठा असेल तर ते सेकंद असूच शकत नाहीत, ती नोंद तुझी. अक्षांश-रेखांशापैकी एकात जरी असा आकडा सापडला तरी काम भागतं. बऱ्याच नोंदी अशा सुटल्या. पण जिथे दोन्ही आकडे साठाच्या आत आहेत तिथे स्क्रिप्ट काय करणार? ते तुलाच ठाऊक.

आणि नेमकी त्यातच ती विहीर आहे, दोराने काठाच्या दगडाला बोटभर खाचा पडलेली. आजींनी आपल्याला तिचंच पाणी दिलं होतं, तांब्याच्या लोट्यातून. खात्री नसेल ती विहीर नकाशात घालू नकोस, असं मी पोरीला बजावलंय. पण हिच्यावर काट मारायला हात होत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? नाशिक मिळालं तर उत्तमच. वहिनींना नमस्कार. चिनूची दहावी ना यंदा? तिला म्हणावं, काकाने विचारलंय.

अडलेल्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतोय. जी नोंद तुझ्या यंत्राची आठवते तिच्यापुढे फक्त ‘प’ लिहून पाठव. आठवत नसेल तिथे अंदाज करू नकोस, कोरं सोड.

तुझा,
दिन्या