मोडी कागद लॅमिनेट करायच्या आधी एकदा इन्फ्रारेडमध्ये बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात खालच्या खोलीतली ट्रंक पाण्यात गेली, तिच्यात पणजोबांच्या वेळचे मोडी कागद रुमालात बांधलेले होते. वाळवले, पण चहा सांडल्यासारखे तपकिरी झाले, आणि एका वाटणीपत्रावर तर आधीच कुठल्याशा कचेरीचा जांभळा शिक्का नेमका मजकुरावर मारलेला, वर आमच्या काकांनी पुसट अक्षरं निळ्या बॉलपेननं गिरवून ठेवलेली. चांगल्या मनानंच केलं त्यांनी, पण मूळ काय होतं ते कुणाला सांगता येईना.

दिवाळीत भाचा आला तो जुना डिजिटल कॅमेरा घेऊन. सेन्सरवरची इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश) अडवणारी काच त्यानं काढून घेतलीय, पुढं साधारण ८५० नॅनोमीटरच्या पलीकडचाच प्रकाश आत सोडणारा काळा फिल्टर लावला (आपल्या डोळ्याला साधारण ७०० पर्यंतच दिसतं) आणि फोटो काढला. स्क्रीनवर शिक्का नाही, बॉलपेन नाही, डागही फिके पडलेले, आणि बोरूचं अक्षर काळंभोर! काकांनी ९ गिरवला होता तिथं खाली १ होता, त्याच्या शेपटीला बोरूचा तिरका काप सुद्धा दिसत होता. नऊ बिघे नऊ बिघे म्हणून घरात दोन पिढ्या सांगत आलो आम्ही.

जुनी शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, तो इन्फ्रारेड शोषून घेतो म्हणून काळाच दिसतो, आणि शिक्क्याच्या, बॉलपेनच्या रंगातून ते किरण बहुतेक वेळा आरपार जातात. चित्रांच्या रंगाखालचं कोळशाचं रेखाटन असंच बघतात, मृत समुद्राजवळच्या गुहांमधली काळी पडलेली चर्मपत्रं तर १९५० च्या दशकातच इन्फ्रारेड फोटो काढून वाचली लोकांनी.

सगळंच सापडतं असं नाही हं. पाण्यानं डिंक विरघळून काजळच वाहून गेलं असेल तर काही उरत नाही, आणि हिराकसाच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) शाईचं उलटं, ती इन्फ्रारेडमध्ये फिकी होते नाहीतर दिसतच नाही, म्हणून साधा रंगीत फोटोही काढायचाच. हॅलोजनचा दिवा मात्र जवळ नको, कागद तापतो, इन्फ्रारेड एलईडी बरा.

सातारा, वाई, कराड, मिरज, तासगाव, कुठल्याही जुन्या वाड्यात असे रुमाल निघतील, आणि लोक काय करतात तर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेट करतात. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की निघत नाही आणि वरच्या चमकीनं फोटोही नीट येत नाही. माझी विनंती एवढीच की सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या एखाद्या तरी वाचनालयानं असा एक बदललेला कॅमेरा घ्यावा आणि महिन्यातनं एक दिवस ठेवावा, लोक कागद घेऊन येतील, मोडी वाचणारे आहेतच आपल्याकडं. आम्ही भाच्यासकट यायला तयार आहोत.

आणि पाऊस तोंडावर आलाय, ज्यांच्या ट्रंका अजून खालच्या मजल्यावर आहेत त्यांनी त्या आत्ताच माळ्यावर न्याव्यात.

– एक वाचक, सांगली