दाता ठरवण्यापूर्वी जनुकेही तपासावीत

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळण्याचा. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असल्याने, जुळल्याचे कळताच सर्वांना हायसे वाटते. मात्र दात्याच्या मूळपेशी निरोगी आहेत का, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न त्या गडबडीत मागे पडू नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रक्त घडवणारी मूळपेशी अस्थिमज्जेत बहुतेक काळ विश्रांतीतच असते. तिने केव्हा विभागायचे, स्वतःसारख्या किती पेशी राखायच्या आणि तांबडी पेशी, पांढरी पेशी की प्लेटलेट यांपैकी कोणती वाट धरायची, यावर जनुकांचे नियंत्रण असते. प्रौढ शरीरात रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी नव्याने तयार होतात आणि त्यांचे मूळ या मोजक्या पेशींत असल्यामुळे तिथला बिघाड त्यांच्यापासून घडणाऱ्या साऱ्या रक्तपेशींत उतरतो. वयोमानाने शिरणारे बदल वेगळे. गाटा-२ किंवा रंक्स-१ या जनुकांतील दोष मात्र जन्मतःच आलेला असू शकतो, आणि असा माणूस अनेक वर्षे धडधाकट दिसतो. रंक्स-१च्या दोषात प्लेटलेट किंचित कमी असतात, साध्या धक्क्यानेही अंगावर काळेनिळे डाग उठतात. गाटा-२च्या दोषात रक्ताच्या अहवालातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या रकान्यात वारंवार शून्य दिसते, हातावरचे चामखीळ हटत नाहीत. त्या शून्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ही माझी खरी खंत आहे. हाच दोष भावंडातही असेल, तर आपण आजारी मज्जेच्या जागी त्याच आजाराचे बीज पेरतो.

म्हणून घराण्यात रक्ताचे विकार असतील किंवा रुग्ण तरुण असेल, तर आधी रुग्णाची आनुवंशिक तपासणी व्हावी. रक्तात आणि लाळेतही आजारी पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातील पेशी वाढवून केलेली चाचणी अधिक भरवशाची ठरते. दोष आढळला, तर भावंडाची त्याच दोषासाठी तपासणी करावी आणि तोही सदोष निघाल्यास नात्याबाहेरचा दाता शोधावा.

मात्र भावंडाचा नमुना घेण्याआधी त्याच्याशी सविस्तर बोलणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. कारण तो आलेला असतो मज्जा द्यायला आणि परतताना स्वतःच्या आजाराची शक्यता घेऊन जाऊ शकतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रक्तविकृतितज्ज्ञ