टीईटीची फी शिक्षकांच्या खिशातून का?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गोवंडीच्या एका मराठी शाळेत मी १९ वर्षं शिकवते आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या आम्हा सगळ्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होणं बंधनकारक झालं. परीक्षेला माझा विरोध नाही. मुलांची परीक्षा घेणाऱ्या बाईंनी स्वतः पेपर द्यायला का-कू करू नये.

पण खर्च कोणी करायचा? खुल्या प्रवर्गाला एका पेपरचे १००० रुपये, दोन्हीचे १२००. १५० पैकी ९० गुण लागतात. ८९ वर अडकलं की पुन्हा फॉर्म, पुन्हा फी. माझ्या सहकारी बाई गेली २२ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतात. मुलं त्यांच्याकडे वाचायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहते. गणिताच्या धास्तीने त्यांनी दादरला रविवारचा क्लास लावला, पाच हजार भरून. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, तीही कुर्ल्याला गाडी बदलण्यात जाते.

आमची नेमणूक झाली तेव्हा ही अट नव्हतीच. टीईटी आली २०१० च्या अधिसूचनेनंतर. निवडणुकीचं काम सरकारी आदेशाने करतो, तेव्हा भत्ता मिळतो. ही परीक्षाही आदेशानेच द्यायची आहे, मग तिची फी आमच्याकडून कशी?

नव्या मुलांचं तर विचारूच नका. माझी एक विद्यार्थिनी डी.एड. करून मानखुर्दला शिकवण्या घेते. टीईटीचे १२००, मग भरतीसाठी अभियोग्यता चाचणीचे ९५०. एवढं करून नोकरी लागली, तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून १६,००० रुपये मानधन.

साहेब, सेवेतल्या शिक्षकांच्या निदान पहिल्या दोन प्रयत्नांची फी शासनाने भरावी. बेरोजगार उमेदवारांना दुसऱ्यांदा बसताना पूर्ण फी लावू नये. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्याच वर्गखोल्यांत मोफत तयारीवर्ग घ्यायची परवानगी द्यावी. टीईटी पास झालेले तरुण सहकारी शिकवायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. पुढच्या परीक्षेची जाहिरात निघण्याआधी हा निर्णय झाला, तर आमच्या बाईंना दुसरा फॉर्म भरताना पैसे मोजावे लागणार नाहीत.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, गोवंडी